सही करण्याआधी विचारू या

गेल्या पावसाळ्यात आमच्या महिला मंडळानं तालुक्याच्या गावी लहान मुलांचं आरोग्य शिबिर ठेवलं होतं. गर्दी ओसरत आली तेव्हा एक तरुण आई दाराशी उभी दिसली. कडेवर साडेचार वर्षांचा मुलगा, मागे सासूबाई. मुलगा चुणचुणीत, नजर सगळीकडे भिरभिरणारी. पण बोलत नव्हता. सासूबाई म्हणाल्या, "उशिरा बोलंल. ह्याचा बाप बी चार वर्सांचा झाल्यावर बोलला." सून काहीच बोलली नाही. सासूबाई चहा घ्यायला गेल्या तशी तिनं पिशवीतून प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेले दोन कागद काढले आणि हळूच विचारलं, "ताई, यावर मी सही केलीय. पोरावर काही प्रयोग तर केला नाही ना त्यांनी?"

आठ महिन्यांपूर्वी ती त्याला घेऊन शहरातल्या एका मोठ्या दवाखान्यात गेली होती. तिथं कानाची तपासणी झाली. तपासणीआधी कोणीतरी घाईघाईनं दोन इंग्रजी कागद पुढे केले, "इथं सही करा" म्हणाले, हिनं केली. घरी आल्यावर शेजारणीनं सांगितलं, "असल्या सह्या ट्रायलसाठी घेतात, पोरांवर औषधं करून बघतात." झालं! ही इतकी घाबरली, की रिपोर्ट आणायलासुद्धा पुन्हा गेली नाही.

शिबिरातल्या डॉक्टरांनी कागद वाचले. पहिला कागद तपासणीच्या वेळी मूल झोपावं म्हणून औषध द्यायला परवानगी देणारा. दुसरा, मुलाचं नाव न सांगता त्याचा रिपोर्ट एका अभ्यासासाठी वापरायला संमती देणारा. दोन्हींत भिण्यासारखं काही नव्हतं. पण हे तिला मराठीत दोन वाक्यांत सांगायला कोणाला वेळ झाला नव्हता आणि तिला विचारायचं धाडस झालं नव्हतं. या न विचारलेल्या एका प्रश्नापायी त्या मुलाचे आठ महिने गेले.

मैत्रिणींनो, आठ महिने म्हणजे काय मोठंसं, असं आपल्याला वाटेल. मुलाच्या कानाच्या बाबतीत ते फार असतात. का, तेच आज सांगायचं आहे.

हजार बाळांमागे साधारण एकदोन बाळं जन्मतः खूपच कमी ऐकणारी असतात. आंधळेपण, पांगळेपण लगेच ध्यानात येतं. बहिरेपण मात्र लपून बसतं. बाळ हसतं, रडतं, रांगतं, हुंकारतंही. बहिरी बाळंसुद्धा पहिले काही महिने तोंडानं आवाज काढतात. आपल्याकडची घरगुती परीक्षा म्हणजे बाळाच्या मागे ताट वाजवून बघणं. ताट आपटलं की बाळ वळतं आणि आजी खूश होते. पण जमिनीला बसलेला हादरा अंगाला कळतो, हाताची सावली डोळ्यांना दिसते. मोठा आवाज कळणाऱ्या मुलाला बोलण्यातले बारीक आवाज ऐकू येत असतीलच असंही नाही.

गंमत म्हणजे ही ताटाची परीक्षा शास्त्रज्ञांनाही ठाऊक आहे. प्रयोगशाळेतल्या उंदराला किंवा गिनीपिगला ऐकू येतं का, हे बघायला ते एकदम आवाज करतात आणि त्याचा कान फडकतो का ते पाहतात. एकोणिसाव्या शतकातल्या प्रायर नावाच्या शास्त्रज्ञावरून त्या कान फडकण्याला नावही पडलं आहे. पण तेही तेवढ्यावर थांबत नाहीत, कारण त्यातून किती ऐकू येतं हे नेमकं कळत नाही. मग आपणच का थांबायचं?

नेमकं सांगणाऱ्या तपासण्या आता आहेत. १९७८ साली लंडनच्या डेव्हिड केम्प यांनी दाखवून दिलं, की निरोगी कान नुसता ऐकत नाही, आवाज आत गेला की तो स्वतःही अगदी बारीक आवाज परत देतो. त्यावर आधारलेली 'ओएई' ही तपासणी बाळ झोपलेलं असताना काही मिनिटांत होते. सुई नाही, त्रास नाही. त्यात शंका आली तर 'बेरा' तपासणी करतात. आवाज कानातून मेंदूपर्यंत पोचतो का, हे त्यात कळतं. जगभरचे डॉक्टर सांगतात, की पहिली तपासणी महिन्याच्या आत, पक्कं निदान तीन महिन्यांपर्यंत आणि उपचार सहा महिन्यांपर्यंत सुरू व्हावेत. आपल्याकडे कित्येक घरांत तिसरं-चौथं वर्ष उजाडेपर्यंत "उशिरा बोलेल" चाललेलं असतं.

पहिला उपाय अर्थातच कानामागचं मशीन, म्हणजे श्रवणयंत्र. ते आवाज मोठा करून देतं. पण आतल्या शंखासारख्या भागातल्या, आवाज टिपणाऱ्या पेशीच निकामी असतील, तर आवाज कितीही मोठा केला तरी उपयोग होत नाही. अशा मुलांसाठी कॉक्लिअर इम्प्लांट असतं. कानामागच्या हाडाशी एक छोटं यंत्र शस्त्रक्रियेनं बसवतात आणि त्याची बारीक तार त्या शंखात सरकवतात. बाहेर कानामागे लावलेला भाग आवाज टिपून आतल्या यंत्राकडे धाडतो आणि तार थेट नसेला विजेचे सूक्ष्म ठोके देते.

विजेनं ऐकू येऊ शकतं, ही कल्पना जुनी आहे. इटलीच्या व्होल्टानं १८०० साली बॅटरीचा शोध जाहीर केला, त्याच लेखात स्वतःच्या दोन्ही कानांत धातूच्या काड्या घालून वीज सोडल्याचं लिहून ठेवलं आहे. त्याला काहीतरी घट्ट खदखदतंय असा आवाज आला. आपण म्हणू, पिठलं रटरटावं तसा! पण खदखद ऐकू येणं वेगळं आणि माणसाचं बोलणं समजणं वेगळं.

ते अंतर कापायला पुढे पावणेदोनशे वर्षं लागली. १९५७ साली पॅरिसमध्ये आणि १९६१ साली लॉस एंजेलिसमध्ये डॉक्टरांनी बहिऱ्या माणसांच्या कानात तारा बसवून पाहिल्या. ऑस्ट्रेलियात ग्रॅम क्लार्क नावाचे डॉक्टर या कामाला लागले. त्यांचे वडील औषधांचं दुकान चालवायचे आणि त्यांना कमी ऐकू यायचं. गिऱ्हाइकाचं बोलणं न समजल्यावर वडिलांची होणारी ओढाताण मुलानं पाहिली होती.

क्लार्क यांनी सुरुवात मांजरांपासून केली. मांजराचे कान किती तिखट असतात, हे दुधाचं भांडं ओट्यावर ठेवणाऱ्या आपल्यापैकी कोणाला सांगायला नको! १९७०च्या सुमारास त्यांनी मांजरांच्या कानात तारा बसवून, वेगवेगळ्या गतीचे विजेचे ठोके त्यांना वेगवेगळे कळतात का, हे त्यांच्या वागण्यावरून पाहिलं. फार जलद ठोक्यांमधला फरक मांजरांना कळत नव्हता. म्हणजे एका तारेनं, एकाच जागी ठोके देऊन बोलणं समजणार नाही, शंखात वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळे स्पर्श हवेत, हे त्यातून लक्षात आलं. पण इतक्या नाजूक, वळणावळणाच्या शंखात तार न दुखावता घालायची कशी? १९७७ साली सुटीत समुद्रकिनाऱ्यावर बसले असताना क्लार्क यांनी एका शिंपल्याच्या शंखात गवताची पाती सरकवून पाहिली. टोकाला लवचीक आणि मागे ताठ होत जाणारी पाती आतपर्यंत छान वळत गेली. तशीच तार बनवायची, हे ठरलं.

१ ऑगस्ट १९७८ रोजी मेलबर्नमध्ये रॉड साँडर्स यांच्या कानात हे यंत्र बसवलं गेलं. मोटार अपघातात त्यांचं ऐकणं गेलं होतं. शस्त्रक्रियेनंतर पहिल्या चाचण्यांत काहीच ऐकू आलं नाही. सगळ्यांचे चेहरे उतरले. दोष चाचणीच्या उपकरणांत होता. तो सापडल्यावर पुन्हा बसले, तेव्हा त्यांना सूर ओळखू आले. राष्ट्रगीताची धून ऐकून साँडर्स ताठ उभे राहिले, असं क्लार्क सांगतात. १९९० साली अमेरिकेत हे बहुतारी यंत्र दोन वर्षांवरच्या मुलांसाठी मंजूर झालं. आज साधारण वर्षाच्या बाळालाही ते बसवतात.

आता त्या आठ महिन्यांबद्दल. पांढऱ्या शुभ्र, निळ्या डोळ्यांच्या मांजरी पुष्कळदा जन्मतः बहिऱ्या असतात. डार्विननंही १८५९ सालच्या आपल्या ग्रंथात निळ्या डोळ्यांच्या मांजरींच्या बहिरेपणाची नोंद केली आहे. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी अशा बहिऱ्या पांढऱ्या मांजरांच्या तीन महिन्यांच्या पिल्लांना इम्प्लांट बसवलं. ठरावीक आवाज झाला की पिल्लं खाऊकडे येऊ लागली. पुढे त्यांच्या श्रवणाच्या नसा तपासल्या, तेव्हा नसेची मेंदूशी जिथं गाठ पडते ते बहिरेपणामुळे बिघडलेले जोड बऱ्याच अंशी सुधारलेले दिसले. हे संशोधन २००५ साली प्रसिद्ध झालं. आणि मांजरांवरच्या अशा अभ्यासांत हेही दिसलं, की यंत्र उशिरा बसवलं तर ही सुधारणा तेवढी होत नाही.

माणसाच्या मुलाचंही तसंच आहे. मेंदूतली ऐकण्याची जागा रिकामी फार दिवस राहत नाही. आवाज आलाच नाही, तर ती दुसऱ्या कामाला लागते. मग नंतर आवाज पोचवला तरी त्याचा अर्थ लावणारं कोणी नसतं. म्हणून जन्मतः बहिऱ्या मुलांसाठीच्या केंद्र सरकारच्या 'अ‍ॅडिप' योजनेत मोफत इम्प्लांटला पाच वर्षांची वयोमर्यादा आहे. त्या योजनेचं कॉक्लिअर इम्प्लांटचं काम मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेकडे आहे. आमच्या त्या मुलाच्या हातात, शिबिराच्या दिवशी, सहाच महिने उरले होते.

कोणत्या बाळांची तपासणी कटाक्षानं करावी? खरं तर सगळ्यांचीच. पण दिवस भरायच्या आधी जन्मलेलं किंवा फार कमी वजनाचं बाळ, जन्मानंतर जास्त कावीळ झालेलं, मेंदूज्वर होऊन गेलेलं, गरोदरपणात आईला रुबेला म्हणजे जर्मन गोवर झालेलं, यांच्या बाबतीत मुळीच चालढकल नको. आणि एक नाजूक गोष्ट. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न ही जुनी रीत आहे. जवळच्या रक्तातल्या लग्नांत जन्मतः बहिरेपणाचा धोका वाढतो. घरात आधीचं कोणी असं असेल तर बाळंतपणाच्या दवाखान्यातच तपासणी मागून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्या पालघरमधूनच सुरू झाला. जन्मतः बहिरेपण त्यात येतं. अंगणवाडीताईंना, आशाताईंना विचारा, त्या पुढचा रस्ता दाखवतील.

इम्प्लांट बसलं म्हणजे बटण दाबल्यासारखं मूल बोलायला लागत नाही, हेही आधीच माहीत असलेलं बरं. यंत्रातून येणारा आवाज म्हणजे काय, हे त्याला शिकावं लागतं. महिनोन् महिने स्पीच थेरपी, आणि घरी रोज आईनं "हा पेला, हे पाणी, पाणी ओत" असं बोलत राहणं. आतलं यंत्र टिकतं, पण बाहेरच्या भागाच्या बॅटऱ्या, तारा, दुरुस्ती यांचा खर्च राहतो. मेंदूज्वराविरुद्धची लस आधी घ्यावी लागते. पुढे कधी एमआरआय करायची वेळ आली तर यंत्राची माहिती सांगावीच लागते, म्हणून त्याचं कार्ड रेशनकार्डाइतकंच जपून ठेवायचं. ऐकण्याची नसच नसेल तर हे यंत्र उपयोगी नाही. ज्यांना ते लाभत नाही, त्यांच्यासाठी खुणांची भाषा आहे आणि त्या भाषेत शिकून, नोकरी करून मानानं जगणारी माणसं आपल्या आसपास आहेत. मूल बहिरं आहे म्हणून त्यात आईचा काही दोष नाही, हे तर सासू-सुना दोघींनी ध्यानात ठेवावं.

आता सहीकडे वळू. शेजारणीची भीती अगदीच हवेतली नव्हती. २००९ साली आंध्र प्रदेशातल्या खम्मम (हा जिल्हा आता तेलंगणात आहे) आणि गुजरातमधल्या वडोदरा जिल्ह्यांत दहा ते चौदा वर्षांच्या हजारो मुलींना गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची एचपीव्ही लस एका अभ्यास-प्रकल्पात दिली गेली. काही मुलींचे मृत्यू झाल्यावर गदारोळ उठला आणि एप्रिल २०१० मध्ये प्रकल्प थांबला. चौकशीत त्या मृत्यूंचा लसीशी संबंध आढळला नाही, आणि ही लस आज जगभर मुलींना देतात, तेव्हा लसीला घाबरू नका. पण संमतीचे कागद तपासले तेव्हा आंध्रमधल्या ९,५४३ फॉर्मांपैकी २,७६३ फॉर्मांवर वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या निघाल्या आणि १,९४८ फॉर्मांवर नुसते अंगठे. मुलगी आदिवासी आईची आणि सही वॉर्डनची! २०१३ साली संसदेच्या स्थायी समितीनं यावर कडक ताशेरे ओढले.

म्हणून चाचण्यांना सरसकट नकार द्यावा का? मुळीच नाही. रॉड साँडर्स हो म्हणाले म्हणून आज लाखो लोक ऐकताहेत. जानेवारी २०२४ मध्ये शांघायच्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केलं, की एका विशिष्ट जनुकाच्या दोषामुळे बहिऱ्या असलेल्या सहा मुलांच्या कानात दुरुस्त जनुक सोडलं आणि पाच मुलांना ऐकू येऊ लागलं. त्याच्याआधी हे काम उंदरांवर झालं होतं. ही चाचणीच होती, आणि त्या सहा मुलांच्या आईवडिलांनी सह्या केल्याच असणार. उद्या असा कागद आपल्याही पुढे येऊ शकतो. त्या मांजरांना आणि उंदरांना कोणी विचारलं नाही, विचारताही आलं नसतं. आपल्याला विचारलं जातं, हा आपला हक्क आहे, तो घाईत उरकून टाकायचा नाही.

कायदा आपल्या बाजूनं आहे. नवीन औषधे व क्लिनिकल ट्रायल नियम २०१९ साली आले. त्यांनुसार माहितीपत्रक आपल्याला समजेल अशा भाषेत मिळायला हवं. वाचता येत नसेल तर समजावून सांगताना तटस्थ साक्षीदार हजर हवा. सही केलेल्या कागदाची प्रत आपल्याला मिळायला हवी. चाचणीतून मधेच केव्हाही बाहेर पडता येतं आणि त्यामुळे नेहमीचे उपचार तोडता येत नाहीत. चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाईची तरतूद आहे. सात वर्षांवरच्या मुलाचीही आईवडिलांबरोबर स्वतंत्र संमती घ्यायची असते. १५ जून २००९ पासून प्रत्येक औषधचाचणीची सरकारी नोंदवहीत नोंद सक्तीची आहे आणि तिचा 'सीटीआरआय'नं सुरू होणारा क्रमांक असतो. तो क्रमांक मागा. घरातल्या कॉलेजच्या मुलाला मोबाइलवर तो शोधायला सांगा.

आणि कागद पुढे आला की एवढं विचारा: हा उपचार आहे, की अभ्यास? नाही म्हटलं तर माझ्या मुलाचे उपचार थांबतील का? त्याला कोणत्या गटात टाकायचं हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरणार आहे का, आणि एका गटाला खरं औषधच मिळणार नाही असं आहे का? त्रास झाला तर रात्री-अपरात्री कोणाला फोन करायचा? खर्च कोणाचा? मी कागद घरी नेऊन उद्या सही केली तर चालेल का? चाचणीच्या बाबतीत या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर "नाही" असं आलं, तर तिथंच थबका.

आपल्याला विचारायची सवय नाही, हे मला माहीत आहे. डॉक्टर मोठे, आपण लहान. घरी नवरा म्हणतो "कर सही", दवाखान्यात नर्स म्हणते "इथं करा". आपण साडी घेताना काठ उलटून बघतो, दुकानदाराला चार वेळा विचारतो. पोटच्या पोराच्या कागदावर मात्र न वाचता सही करतो! चांगल्या डॉक्टरांना विचारलेलं आवडतं, हा माझा इतक्या वर्षांचा अनुभव आहे. ज्यांना आवडत नाही, त्यांना तर विचारायलाच हवं.

ती तरुण आई दुसऱ्याच आठवड्यात रिपोर्ट घेऊन जिल्हा रुग्णालयात गेली. मीही सोबत होते. मुलाला आधी कानामागची मशीन्स लागली, मग इम्प्लांटसाठी कागदपत्रं पुढे गेली. चार वर्षं कानावर शब्द न पडलेला मेंदू आता किती शिकेल, हे डॉक्टरांनी ठामपणे सांगितलं नाही, आणि तिलाही खोटी आशा दाखवली नाही. या वेळी मात्र तिच्याजवळ मुलाच्या अंगणवाडीची जुनी वही होती. मागच्या पानावर तिनं पेन्सिलीनं सात प्रश्न लिहून आणले होते. तिसऱ्या प्रश्नाशी अडली तेव्हा सासूबाईंनीच तिला कोपरानं ढोसलं, "इचार की गं, लाजतीस कशापायी?"